अकरा किलोंचा बेस

बेस गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली की ती सेकंदाला सुमारे 41 वेळा कंप पावते. हवेत त्या स्वराची एकेक लाट 8 मीटरांहून लांब असते. पुण्यातल्या ज्या कॅफेंमध्ये आणि गच्चीवरच्या रेस्तराँमध्ये आमचा बँड वाजवतो, त्यांतल्या काहींची रुंदीही तेवढी नसते. आणि हा स्वर ज्यातून बाहेर पडायचा, ते माझं कॅबिनेट रिक्षात माझ्या शेजारी मावतं. आत 12 इंची एकच स्पीकर, एकूण वजन 11 किलो. पाठीवर गिटार, गिटारच्याच पिशवीच्या पुढच्या कप्प्यात अँप आणि एका हातात कॅबिनेट घेतलं की तिसऱ्या मजल्यापर्यंत एका खेपेत चढता येतं आणि दुसरा हात कठड्याला मोकळा राहतो.

"एवढ्याशा डब्यातून बेस येतो का हो?" हा प्रश्न मला अजून विचारला जातो. विचारणारा बहुधा साउंडवाला असतो, आणि त्याची शंका रास्त असते. तो रोज 18 इंची सब (सबवूफर) उचलतो. खालचे स्वर हवेतून ढकलायला काय लागतं हे त्याला पाठीच्या दुखण्यावरून ठाऊक असतं. माझं उत्तर असं की येतो, पण कुठला बेस येतो आणि कुठला येत नाही हे वाजवणाऱ्याला नीट माहीत हवं. ते माहीत असेल तर लहान कॅबिनेट ही तडजोड राहत नाही.

बेसचं खोकं मुळात एवढं अवजड झालं ते गरजेपोटी. लिओ फेंडरने 1951 मध्ये प्रिसिजन बेस बाजारात आणला आणि माणसाएवढ्या उंचीच्या डबल बेसचं काम गळ्यात अडकवता येण्याजोग्या गिटारवर आलं. वाद्य हलकं झालं, पण त्याचा सगळा आवाज आता स्पीकरने काढायचा होता. साठच्या दशकात स्टेज मोठे झाले, गिटारवाल्यांचे अँप मोठे झाले, आणि पीए, म्हणजे प्रेक्षकांकडे तोंड केलेली ध्वनियंत्रणा, मात्र मुख्यतः गायकाच्या माइकसाठीच असायचा. मैदानाच्या टोकाला उभ्या असलेल्या माणसापर्यंत बेस पोचवायचा तर तो बेसवाल्याने आपल्या पाठीमागच्या खोक्यातूनच पोचवायचा. अँपेग कंपनीने 1969 मध्ये एसव्हीटी आणला तो याच मागणीला उत्तर म्हणून. 300 वॉटचा व्हॉल्व्ह अँप आणि त्याखाली 10 इंची आठ स्पीकरांचं उभं कपाट. एका अँपची ताकद झेपावी म्हणून अशी दोन कपाटं. त्याच वर्षी रोलिंग स्टोन्सच्या अमेरिका दौऱ्यात त्याचे सुरुवातीचे नमुने वाजले. ते आठ-दहाचं कॅबिनेट आजही बनतं, वजन 63 किलोंच्या आसपास, आणि जगभरचे बेसवाले त्याला 'फ्रिज' म्हणतात. त्यासमोर उभं राहून वाजवण्याचा अनुभव मी घेतलेला आहे. पॅंटचं कापड थरथरतं. तो आवाज मला मनापासून आवडतो.

पण तो वाजवावा अशी जागा माझ्या आठवड्यात येत नाही. आता अँपच्या मागून एक्सएलआरची वायर निघते आणि थेट मिक्सरला जाते. प्रेक्षकांना ऐकू येणारा बेस पीएमधून येतो. माझ्या कॅबिनेटने आवाज द्यायचा तो मला, ड्रमरला आणि शेजारच्या गिटारवाल्याला, म्हणजे दोन-तीन मीटरच्या परिघात. काम बदललं, त्यामुळे हत्यार बदलणं शक्य झालं.

वजन तीन ठिकाणांहून गेलं. पहिलं मॅग्नेटमधून. जुन्या स्पीकरच्या पाठीला फेराइटची जाडजूड चकती असते आणि स्पीकरचं बरंचसं वजन तिच्यातच असतं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये सुमितोमो आणि अमेरिकेत जनरल मोटर्स अशा दोन ठिकाणी स्वतंत्रपणे निओडिमियमचं मॅग्नेट सापडलं. तेवढीच चुंबकीय ताकद मुठीएवढ्या तुकड्यात मावू लागली. दुसरं वजन अँपमधून गेलं. क्लास डी अँपमधले ट्रान्झिस्टर एक तर पूर्ण चालू असतात किंवा पूर्ण बंद, मध्ये घुटमळत नाहीत. त्यामुळे उष्णता कमी, म्हणून ॲल्युमिनियमचे मोठे हीटसिंक नकोत. त्याच्या जोडीला स्विचिंग पॉवर सप्लाय आला आणि जडशीळ ट्रान्सफॉर्मरही गेला. 500 वॉटचा अँप आज 2 किलोंच्या आत मिळतो. तिसरं वजन लाकडातून. पूर्वी 18 मिलिमीटरचा बर्च प्लाय सर्रास वापरत. आता हलका पॉपलर प्लाय घेतात, किंवा 12 मिलिमीटरचा प्लाय घेऊन आत आडव्यातिडव्या पट्ट्या मारून तो आवळतात. हे काम नीट झालंय का, ते बोटाच्या पेराने कॅबिनेटच्या बाजूवर टकटक करून कळतं. कोरडा, आखूड आवाज आला तर फळी घट्ट आहे. ढब्ब असा लांबणारा आवाज आला तर प्रत्येक गाण्यात ती फळी स्वतःचा एक स्वर मिसळणार. नवं कॅबिनेट घेताना मी गिटार जोडण्याआधी हे करतो.

जे कमी करता येत नाही ते म्हणजे हवा. अमेरिकेतल्या केएलएच कंपनीच्या तीन संस्थापकांपैकी एक, अँटन हॉफमन (थोर पियानोवादक योसेफ हॉफमन यांचे चिरंजीव), यांनी मांडलेला नियम आजवर कुणाला मोडता आलेला नाही. खोलवरचा बेस, लहान खोकं आणि कमी वॉटमध्ये मोठा आवाज, यांतल्या दोनच गोष्टी मिळतात. तिसरी सोडावी लागते. 1961 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थील यांनी आणि पुढे सत्तरच्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी याचं गणित पक्कं केलं, तेव्हापासून अमुक स्पीकरला अमुक लिटरचं खोकं आणि अमुक लांबीचा पोर्ट (हवा जा-ये करायचं भोक) हे सुताराच्या अंदाजावर राहिलं नाही. माझ्या कॅबिनेटच्या कारागिराने लहान आकार आणि मोठा आवाज हे दोन निवडले आहेत. सोडला आहे तो सर्वांत खालचा थर.

हे डोळ्यांनी पाहता येतं. घरी मी पुढची जाळी काढून ठेवतो, लोची कळ उजवीकडे बरीच फिरवतो आणि खालचा ई धरून ठेवतो. कोन पुढे-मागे एवढा जातो की त्याच्या कडेचा रबरी पट्टा अंधुक दिसू लागतो. पोर्टच्या तोंडाशी तळहात धरला की वाऱ्याचे झोत लागतात आणि फुसफुस ऐकू येते. एवढी धडपड चालू असताना कानाला मिळणारा आवाज मात्र पातळ आणि गढूळ. मग अँपवरचा, ठरावीक स्वराखालचं सगळं कापणारा हाय-पास फिल्टर हळूहळू वर आणतो: 25, 30, 35 हर्ट्झ. पस्तीस-चाळीसच्या दरम्यान कोन एकदम शांत होतो. वारा थांबतो. आणि आवाज कमी झाल्यासारखा वाटत नाही, उलट स्वराला कडा येतात.

कारण साधं आहे. एक सप्तक खाली जाऊन तेवढाच आवाज द्यायचा तर कोनला चौपट हालचाल करावी लागते, आणि माझ्या एका 12 इंची कोनचं क्षेत्रफळ त्या आठ-दहाच्या तुलनेत जेमतेम पाचवा हिस्सा. तळ गाठण्याच्या खटाटोपात तो बाकीचे स्वरही बिघडवतो. कान मात्र तळावर अडून बसत नाही. बेसच्या तारेतून 41 हर्ट्झसोबत 82, 123 असे वरचे अंशस्वर निघतात, आणि पुष्कळदा 82चा अंशस्वर मूळ स्वरापेक्षा जोरकस असतो. ते नीट पोचले की मेंदू खालचा स्वर स्वतः भरून घेतो. प्रत्यक्ष 'फ्रिज'सुद्धा 60 हर्ट्झच्या आसपासच उतरणीला लागतो. रॉकच्या असंख्य मैफली त्यावर झाल्या आणि बेस कमी पडला असं कुणी म्हटलं नाही. म्हणून लहान कॅबिनेटवर मी लोची कळ जवळजवळ मध्यावर ठेवतो, 250 हर्ट्झजवळ थोडं कापतो, आणि 500 ते 800च्या पट्ट्यात थोडं वाढवतो. कुठला स्वर वाजतोय हे ड्रमच्या गदारोळात त्याच पट्ट्यामुळे ओळखू येतं.

यापुढचं सगळं जागेवर ठरतं, आणि माझ्या मते खरं कसब इथे आहे. कॅबिनेट भिंतीपासून मीटरभर पुढे ठेवलं तर मागे गेलेली लाट भिंतीवर आपटून उलटी येते आणि 86 हर्ट्झच्या आसपासचा आवाज खाऊन टाकते. लहान कॅबिनेट ज्या पट्ट्यात जोमदार असतं नेमका तोच. तेच कॅबिनेट मागे सरकवून भिंतीला जवळपास टेकवलं की ती पोकळी वर सरकते, तिथे ती कमी बोचते, आणि जमीन व भिंत मिळून खालच्या स्वरांना फुकटचा आधार देतात. वीटकामाची भिंत असेल तर उत्तम. काचेची असेल तर तिचा काही भरवसा नाही.

डी. पी. रोडवरच्या लॉनवर लग्नाच्या रिसेप्शनला गोष्ट उलटी होते. तिथे मागे भिंतच नसते, फुलांची सजावट असते. स्टेज म्हणजे लोखंडी सांगाड्यावर प्लायच्या फळ्या, वर लाल कार्पेट, खाली पोकळी. कॅबिनेट त्यावर थेट ठेवलं की अख्खा स्टेज वाजतो. खालचा ए वाजवला की पायांतून गुंजतो आणि पुढचा स्वर आला तरी थांबत नाही. तिथे मी कॅबिनेट प्लास्टिकच्या दोन खुर्च्या एकात एक घालून त्यावर चढवतो, मध्ये फोमचा जाड तुकडा. जमिनीचा आधार जातो, पण गुंजनही जातं, आणि स्पीकर गुडघ्यांऐवजी छातीच्या उंचीला येतो. स्पीकर पायाशी असला की वाजवणाऱ्याला फक्त धूसर तळ ऐकू येतो. तो आवाज वाढवत राहतो, आणि पहिल्या रांगेतल्यांचे कान मात्र फाटतात. आमचा ड्रमर वयाने बराच लहान. एकदा खुर्च्यांवर कॅबिनेट चढवून साउंडचेकला दोनच ओळी वाजवल्या तर तो मागून म्हणाला, "दादा, आज व्हॉल्यूम वाढवलात का?" व्हॉल्यूम उलट कमी केला होता. स्पीकरचं तोंड त्याच्या कानाच्या रेषेत आलं होतं, एवढंच.

कमी आवाजात काम भागणं याला आता वेगळं महत्त्व आहे. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद. सणासुदीच्या मोजक्या दिवसांची सवलत सोडली तर लॉनवाला दहाला पाच मिनिटं असताना हातानेच खूण करतो. गच्चीवरच्या कॅफेंना शेजारच्या सोसायटीची धास्ती असते. खालचे स्वर भिंतींना जुमानत नाहीत, त्यामुळे तक्रार येते ती बहुतेक वेळा बेसचीच. 40 हर्ट्झखालचा थर मी सोडलेला असतो, म्हणून तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांची झोप थोडी तरी वाचते, आणि संगीतातलं काही उणं होत नाही.

मर्यादा आहेतच. पाच तारांच्या बेसचा खालचा बी 31 हर्ट्झचा. तो या कॅबिनेटवर फक्त सूचित होतो, वाजत नाही. ज्या ठिकाणी पीएला सब नाहीत आणि बेस पीएमध्ये घ्यायला साउंडवाला तयार नाही, तिथे एका 12 इंची स्पीकरने दीडशे माणसं सांभाळावीत ही अपेक्षा चुकीची. अशा वेळी आवाजाची कळ पिळून उपयोग नसतो. कानाला दुप्पट वाटावं यासाठी सुमारे दसपट वॉट लागतात आणि कोन त्याच्या कितीतरी आधी दम टाकतो. गुणकारी उपाय म्हणजे तसंच दुसरं कॅबिनेट. माझं 8 ओहमचं आहे. दोन जोडली की अँपला 4 ओहम दिसतात आणि तो आपली पूर्ण ताकद देतो, शिवाय कोनचं क्षेत्रफळ दुप्पट. मिळून 6 डेसिबलच्या आसपास फायदा होतो. दोन्ही एकमेकांवर उभी रचायची, शेजारी शेजारी मांडायची नाहीत. शेजारी ठेवली तर वरचे स्वर ऐकणारा बाजूला सरकताच एकमेकांना छेद देतात आणि गिटारवाल्याला एक बेस, ड्रमरला दुसराच ऐकू येतो. उभी रचली की खालचं जमिनीला धरून राहतं, वरचं माझ्या कानाजवळ येतं, आणि दोघांचं वजन मिळून 22 किलो. खेप मात्र तेव्हा दोनदा करावी लागते.