300 दिवस झोपलेलं इंजिन

सुट्टीवरून परतल्यावर दुचाकीला किती किका माराव्या लागतात, ते संभाजीनगरकरांना सांगायला नको! मंगळयानाचं 440 न्यूटनचं इंजिन 1 डिसेंबर 2013 नंतर जवळजवळ 300 दिवस बंद होतं. इंधन जहाल, त्यामुळे झडपा खराब होण्याची धास्ती. म्हणून इस्रोने इंधनासाठी दुसरी, न वापरलेली वाट आधीच राखून ठेवली होती. 22 सप्टेंबर 2014 ला चाचणी झाली, जेमतेम 4 सेकंदांची. पेटलं! 24 तारखेला तेच इंजिन सुमारे 23 मिनिटं चाललं आणि यान मंगळाच्या कक्षेत गेलं.



2022 मध्ये यानाशी संपर्क तुटला. हे इंजिन कुठल्याच संग्रहालयात येणार नाही.