मुलांचा मिजाज आणि घरचे ताट

"टीचर, पोरगं हल्ली फार चिडचिडं झालंय. काही बोललं की अंगावर धावतं. अभ्यासात लक्ष नाही. कुणाची नजर तर लागली नसेल?" पालकसभेत हा प्रश्न दरवेळी येतो. त्यावर माझा उलट प्रश्न असतो: तो सकाळी काय खाऊन निघतो? आपल्या कर्जत-खालापूर भागात उत्तर बहुधा एकच मिळते. चहा आणि बटर, नाहीतर चहा-खारी.

यात आयांचा आळस नाही. कर्जत-खोपोलीहून पहाटेची लोकल पकडून मुंबईला जाणाऱ्यांची घरे आहेत, कारखान्यात पहिली पाळी करणाऱ्यांची आहेत. अब्बांचा डबा अंधारातच भरला जातो. मूल मागून उठते, चहा पिते आणि दप्तर उचलते. रात्री आठला जेवलेल्या मुलाच्या पोटात शाळेची खिचडी पडते ती दुपारी. मधले पंधरा-सोळा तास फक्त गोड चहावर जातात.

आपला मेंदू शरीराच्या वजनाच्या जेमतेम 2 टक्के असतो, पण शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे 20 टक्के ऊर्जा एकटा खातो. वाढत्या मुलांत हा वाटा आणखी मोठा असतो. तो मिळाला नाही की आधी लक्ष उडते आणि मग राग येतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, 1944-45 मध्ये, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अन्सेल कीज यांनी 36 निरोगी तरुणांवर एक प्रयोग केला. हे तरुण युद्धात लढायला नकार देणारे, शांत स्वभावाचे आणि स्वखुशीने आलेले होते. त्यांना 24 आठवडे जवळजवळ निम्म्या आहारावर ठेवले. ते चिडखोर आणि उदास झाले, हसणे-बोलणे कमी झाले, वाचनात मन लागेना, डोक्यात सतत खाण्याचेच विचार. भरपूर अन्न मिळू लागल्यावर ते हळूहळू सावरले.

कुणी विचारेल, मग रोज्यांचे काय? रोज्यात सेहरी असते, इफ्तार असते आणि मनाची नियत असते. शिवाय लहान मुलांवर रोजा फर्ज नाही. वर्षभर न्याहारीविना शाळेत बसणे ही वेगळी गोष्ट आहे.

पोट भरलेले, तरी भूक

दुसरी भूक डोळ्यांना दिसत नाही. ती लोहाची. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. लोह रक्ताला लागते, तसेच मन प्रसन्न आणि सावध ठेवणारी मेंदूतली रसायने तयार व्हायलाही लागते. ते कमी पडले की थकवा, चिडचिड, विसरभोळेपणा येतो. जिना चढताना धाप लागते. कधी माती किंवा कच्चे तांदूळ खावेसे वाटतात.

आठवी-नववीच्या मुलीत ही लक्षणे दिसली की घरात तिला 'आळशी', 'तोंडाळ' म्हणतात. गुण घसरतात. मग "हिचं शिक्षणात मन नाही, घरी बसवू या" अशी बोलणी सुरू होतात. एका साध्या रक्ततपासणीने जे कळले असते, त्यापायी मुलीची शाळा सुटते. म्हणून असा निर्णय घेण्याआधी सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासून घ्या. बारा वर्षांपुढील मुलीचे ते 12 च्या खाली असेल तर उपचार हवा.

शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळी लोहाची आणि फॉलिक ॲसिडचीच असते. तिच्याविषयीच्या अफवांवर विश्वास ठेवू नका. ती जेवल्यावर घ्यावी. शौचाचा रंग काळसर झाला तरी घाबरू नये.

आपल्याच बाजारातले औषध

महागड्या डब्यांची पावडर लागत नाही. सकाळी नाचणीची भाकरी किंवा रात्रीच्या भाताला कांद्याची फोडणी आणि एक अंडे, एवढी न्याहारी दहा मिनिटांत होते. नाचणीत कॅल्शियम भरपूर असते. पावसाळ्यात कातकरी आणि ठाकूर बाया टाकळा, कुरडू, शेवळं विकायला आणतात. त्या भाज्या घ्या. त्यांच्याही घरी चार पैसे जातात. आठवड्यातून एकदा थोडी कलेजी, अधूनमधून सुकट किंवा बोंबील असू द्या. यांतून लोह मिळते आणि बी-12 हे जीवनसत्त्वही. बी-12 च्या कमतरतेनेही स्मरण आणि मन दोन्ही ढासळतात.

जेवणासोबत चहा नको, कारण चहा अन्नातले लोह अंगी लागू देत नाही. उलट लिंबू पिळले की ते जास्त शोषले जाते.

रंगीत गोळ्या आणि सरबतेही कमी करा. 2007 मध्ये इंग्लंडच्या साउथॅम्प्टन विद्यापीठातील अभ्यासात काही कृत्रिम रंग आणि सोडियम बेंझोएट यांच्या मिश्रणाने मुलांचा चंचलपणा वाढलेला दिसला. 2010 पासून युरोपात अशा रंगांच्या पदार्थांवर इशारा छापावा लागतो.

आणि आईचे ताट? दस्तरखानावर सर्वांचे झाल्यावर तिच्या वाट्याला पातेल्याच्या तळाचा रस्सा येतो, बोटी कधीच संपलेली असते. तिचा थकवा आणि तिचा राग सारे घर सोसते. तिचा वाटा आधी बाजूला काढून ठेवा.

घरात मौत झाली की हजरत आयशा (रजि.) तलबीना, म्हणजे जवाची पातळ पेज, करवून घेत, असे हदीसमध्ये आले आहे. दुःखी मनाला अन्नाचा आधार लागतो, हे आपल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक होते. मयतीच्या घरी शेजाऱ्यांनी जेवण पाठवण्याची रीत त्यातलीच.

तरीही सगळा दोष ताटाचा नसतो. मूल आठवडेच्या आठवडे गप्प राहत असेल, झोपत नसेल, जिवाचे बरेवाईट करण्याचे बोलत असेल तर डॉक्टरांना दाखवा. चालू असलेली औषधे बंद करू नका. सरकारच्या टेलिमानस सेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे. पण ज्याला आपण रोज रागावतो, तो मुलगा उपाशी तर नाही ना, हे आधी उद्या सकाळी पाहा.