काठीविना शिस्त

शहापूरहून मुरबाडकडे जाणारा रस्ता सापगावजवळ भातसा नदी ओलांडतो. या रस्त्याने वाहने धावतात, आणि राखणीसाठी पाळलेले श्वान भुंकत त्यांच्यामागे. अशा जागी ‘ये’ म्हणताच माघारी फिरणारा श्वान वाचतो. न फिरणारा एखाद्या दिवशी चाकाखाली सापडतो. म्हणून श्वानाला आज्ञा पाळण्यास शिकवणे ही केवळ हौस नव्हे, ती जीवदयाच आहे. प्रश्न उरतो तो शिकवावे कसे याचा.

रूढ साधने दोनच: साखळी आणि काठी. तत्त्वार्थसूत्रात श्रावकाच्या अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. दिवसभर बांधून ठेवणे, मारणे, शोभेसाठी कान-शेपूट कापणे, धडा शिकवण्यासाठी उपाशी ठेवणे हे पाहिले, तर पाचांपैकी चार अतिचार पाळीव श्वानाच्या बाबतीत घडतात. आखूड किंवा जड साखळीने अवाजवी काळ बांधून ठेवणे १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसारही गुन्हा आहे.

यावर पर्याय म्हणजे बक्षिसाची पद्धत. ‘बस’ शिकवताना खाऊचा तुकडा श्वानाच्या नाकाजवळ धरून हळूहळू डोक्यामागे न्यावा. मान वर जाते आणि मागचा भाग आपोआप जमिनीला टेकतो. त्याच क्षणी ‘शाबास’ म्हणून तुकडा द्यावा. उशीर झाला, तर बक्षीस बसण्याचे की उठण्याचे, हे त्याला उमगत नाही. कृती जमू लागली की शब्द जोडावा. पाच मिनिटांचा पाठ दिवसातून दोन-तीनदा पुरे. ‘ये’ ही आज्ञा आधी घरात, मग अंगणात आणि नंतर लांब दोरी बांधून मोकळ्या जागी शिकवावी. उशिरा आला तरी रागावू नये. अन्यथा जवळ येणे म्हणजे शिक्षा, असे समीकरण त्याच्या मनात पक्के होते.

खाऊ म्हणून भाकरीचा किंवा पनीरचा नखाएवढा तुकडा पुरतो. तेवढे अन्न रोजच्या जेवणातून कमी करावे. द्राक्षे, मनुका व चॉकलेट श्वानाला विषारी असतात, हे मुलांनाही सांगून ठेवावे. कांदा-लसूणही त्याला घातक. जैन स्वयंपाकघरात तो प्रश्न सहसा उद्भवत नाही.

मुंबईच्या १९९३च्या बॉम्बस्फोटांनंतर ३,००० किलोंहून अधिक आरडीएक्स शोधून देणारा पोलीस दलातील ‘जंजीर’ हा लॅब्रॅडॉर अनेकांना आठवत असेल. अशा शोधक श्वानांनाही वास सापडताच चेंडू किंवा खाऊ देऊन शिकवतात. ज्या कामावर माणसांचे प्राण अवलंबून असतात, ते काम श्वान आनंदाने करतो.

काठीला भिणारा श्वान काठी दिसेपर्यंतच ऐकतो. विश्वास ही मात्र रोज थोडी थोडी साठणारी ठेव आहे. वाहन समोरून येत असता श्वानाला माघारी आणते ती तीच.