विद्युत् गिटार : माफक किमतीच्या वाद्याची निवड

पोलादी तारांच्या कंपनांचे विद्युत् संदेशात रूपांतर करून विवर्धक (अँप्लिफायर) व ध्वनिक्षेपक यांच्या द्वारे नाद उत्पन्न करणारे तंतुवाद्य. साध्या गिटारमध्ये तारेचा क्षीण नाद पोकळ लाकडी पेटीमुळे मोठा होतो. विद्युत् गिटारमध्ये हे कार्य विद्युत् उपकरणे करीत असल्याने धड पोकळ असण्याची आवश्यकता उरत नाही व ते भरीव लाकडी फळीचे करता येते. त्यामुळे वाद्याची घडण सुलभ झाली, ते कारखान्यात मोठ्या संख्येने तयार होऊ लागले व बेताच्या उत्पन्नाच्या माणसाच्याही आवाक्यात आले. वाद्य स्वस्त करताना नेमकी कशात काटकसर केलेली असते आणि तिचा वादनावर कोणता परिणाम होतो, हे जाणणे हाच अशा वाद्याच्या निवडीचा पाया होय.

इतिहास : जॉर्ज बोशां यांनी १९३१ च्या सुमारास आखलेली व अडॉल्फ रिकनबॅकर यांच्या लॉस अँजेल्स येथील कारखान्यात तयार झालेली ॲल्युमिनियमची गिटार ही व्यापारी यश मिळालेल्या आरंभीच्या विद्युत् गिटारींपैकी होय. ती मांडीवर आडवी ठेवून हवाइयन पद्धतीने वाजवीत. १९३६ मध्ये गिब्सन कंपनीने पोकळ धडाची ‘ईएस-१५०’ ही गिटार बाजारात आणली व चार्ली क्रिश्चन या जॅझ वादकाने तिला लौकिक मिळवून दिला. मात्र किमतीच्या दृष्टीने निर्णायक बदल १९५० मध्ये झाला. कॅलिफोर्नियातील रेडिओ-दुरुस्ती करणारे लिओ फेंडर यांनी भरीव फळीचे धड व त्याला चार स्क्रूंनी जोडलेली दांडी अशी गिटार विक्रीस काढली. १९५१ पासून ती ‘टेलिकास्टर’ या नावाने ओळखली जाऊ लागली. धड व दांडी स्वतंत्रपणे तयार करून शेवटी जोडता येत असल्याने कुशल वाद्यकाराचे दीर्घ काळाचे श्रम वाचले, तसेच खराब झालेली दांडी बदलणेही सोपे झाले. गिब्सनची दांडी चिकटविलेली ‘लेस पॉल’ १९५२ मध्ये व फेंडरची ‘स्ट्रॅटोकास्टर’ १९५४ मध्ये आली. आजच्या बहुसंख्य स्वस्त गिटारी यांपैकी कोणत्या तरी आराखड्यावर आधारलेल्या असतात.

तरीही १९५४ ची स्ट्रॅटोकास्टर सु. २५० डॉलरला पडे. ती घेऊ न शकणाऱ्यांसाठी १९५६ मध्ये फेंडर कंपनीनेच ‘म्यूझिकमास्टर’ व ‘डुओ-सॉनिक’ हे आखूड दांडीचे शिकाऊ नमुने काढले. न्यू जर्सीतील नेथन डॅनियल यांनी लाकडी चौकटीवर हार्डबोर्ड बसवून गिटारी बनविल्या. सिअर्स या टपालाने माल पाठविणाऱ्या पेढीने त्या ‘सिल्व्हरटोन’ या नावाने विकल्या. १९६० नंतरच्या काही वर्षांत तिने गिटारच्या पेटीतच विवर्धक बसविलेला संच काढला. त्याचा एक पिकअपचा नमुना सु. ६८ डॉलरला मिळे. त्याच दशकात जपानी गिटारी अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर येऊ लागल्या. १९८२ मध्ये फेंडर कंपनीने जपानमध्ये उत्पादन सुरू करून ‘स्क्वायर’ हे नाव आपल्या स्वस्त वाद्यांना दिले. ‘एपिफोन’ ही १९५७ मध्ये गिब्सनने विकत घेतलेली पेढी होती व पुढे तिचे नाव गिब्सनच्या आराखड्यांच्या स्वस्त आवृत्त्यांना मिळाले. यामाहाची ‘पॅसिफिका’ १९९० मध्ये आली. उत्पादनाचे केंद्र क्रमाने जपानमधून कोरियाकडे व नंतर इंडोनेशिया व चीन या देशांकडे सरकले.

भारतात या वाद्याचा परिचय प्रामुख्याने मुंबईच्या चित्रपटसंगीतातून झाला. व्हॅन शिप्ले व हजारा सिंग यांनी चित्रपटगीतांच्या धुना विद्युत् गिटारवर लोकप्रिय केल्या, तर हरे रामा हरे कृष्णा (१९७१) या चित्रपटातील ‘दम मारो दम’ या गीतातील गिटार भूपिंदर सिंग यांनी वाजविली होती.

रचना व कार्य : वाद्याचे धड, दांडी, तारा ताणून धरणारी घोडी, खुंट्या आणि पिकअप हे मुख्य भाग होत. दांडीच्या वरच्या टोकाशी तारांसाठी खाचा असलेली ‘नट’ नावाची अरुंद पट्टी असते. नट ते घोडी ही तारेची कंप पावणारी लांबी स्ट्रॅटोकास्टर प्रकारात सु. ६४८ मिमी. व लेस पॉल प्रकारात सु. ६२८ मिमी. असते. लांबी कमी असल्यास तोच स्वर कमी ताणावर मिळतो, म्हणून लहान हाताच्या शिकाऊ वादकाला ती सोयीची वाटते. प्रत्येक पडद्यागणिक तारेची कंप्रता १.०५९४६ पटींनी वाढते व बाराव्या पडद्यावर ती दुप्पट होते. सहा पातळ तारांचा मिळून ताण सु. ४० किग्रॅ. भाराइतका असतो. या ताणाने दांडी वाकू नये म्हणून तिच्या आत ‘ट्रस रॉड’ ही पोलादी सळई बसविलेली असते.

चुंबकाभोवती केसापेक्षाही बारीक तांब्याच्या तारेचे काही हजार वेढे दिले की पिकअप तयार होतो. पोलादी तार कंप पावताच चुंबकीय क्षेत्र बदलते व वेटोळ्यात प्रवर्तनाने विद्युत् दाब निर्माण होतो. एकाच वेटोळ्याचा पिकअप घरगुती विजेच्या तारांतील गुणगुणही पकडतो. सेथ लव्हर यांनी गिब्सनसाठी दोन वेटोळ्यांचा ‘हंबकर’ पिकअप तयार केला व १९५७ पासून तो वापरात आला. त्यातील दोन्ही वेटोळ्यांमध्ये गुणगुण परस्परविरोधी होऊन नाहीशी होते, तर तारेचा संदेश एकमेकांत मिळविला जातो. एकेरी पिकअपचा नाद स्वच्छ व धारदार, तर हंबकरचा भरदार असतो. या दोहोंत श्रेष्ठ-कनिष्ठ असा भेद नाही. वादकाला कोणत्या प्रकारचे संगीत वाजवावयाचे आहे, यावर निवड अवलंबून असते.

किमतीतील काटकसर : लाकूड कापणे, पडद्यांच्या खाचा पाडणे इ. कामे आता संगणक-नियंत्रित यंत्रे अचूकपणे करतात, त्यामुळे स्वस्त वाद्यातही पडद्यांची अंतरे चुकण्याचा संभव थोडा असतो. धडासाठी आल्डर वा महोगनीऐवजी पॉप्लर, बासवुड यांसारखे लाकूड वापरले जाते. भरीव धडाच्या लाकडाचा नादावर कितपत परिणाम होतो याबद्दल मतभेद असले, तरी पिकअप व विवर्धक यांच्या तुलनेत तो गौण असतो. पडद्यांखालच्या पट्टीचे लाकूडही बदलले आहे. २०१७ च्या आरंभी शिसवीच्या डाल्बर्जिया वंशातील वृक्षांच्या लाकडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले व तयार वाद्यांना त्यांतून २०१९ च्या अखेरीस सूट मिळाली. दरम्यान अनेक उत्पादकांनी पर्यायी लाकडे स्वीकारली. त्यांपैकी ‘इंडियन लॉरेल’ म्हणजे सह्याद्रीच्या जंगलांत सर्वत्र आढळणारा ऐन होय. अशा पर्यायांमुळे वाद्य कमी प्रतीचे ठरत नाही.

खरी काटकसर होते ती माणसाच्या हातच्या कामात. पडदे समपातळीत घासणे, त्यांची टोके गोल करणे, नटच्या खाचा योग्य खोलीच्या करणे आणि शेवटची जुळणी करणे या गोष्टींना वेळ लागतो व वेळेचे मोल द्यावे लागते. म्हणून एकाच नमुन्याच्या, एकाच किमतीच्या दोन गिटारींतही बराच फरक आढळतो. केवळ नाव किंवा रंग पाहून निवड न करता प्रत्यक्ष हाती येणारे वाद्य तपासणे आवश्यक ठरते, ते यामुळेच.

पारख : तपासणीत जे दोष दूर करता येत नाहीत किंवा दुरुस्तीला वाद्याच्या किमतीच्या मानाने फार खर्च येतो, त्यांना प्रथम स्थान द्यावे. (१) दांडी : खुंट्यांकडील टोकावरून डोळा लावून पाहिल्यास दांडीच्या दोन्ही कडा सरळ दिसाव्यात; पिळलेली दांडी घेऊ नये. तार पहिल्या व शेवटच्या पडद्यावर एकाच वेळी दाबली असता सातव्या पडद्याजवळ सु. ०.२५ मिमी. फट राहावी. ही फट ट्रस रॉडने कमी-अधिक करता येते, मात्र सळई फिरते याची विक्रेत्याकडून खात्री करून घ्यावी. (२) पडदे : दांडीच्या कडेने हात फिरविताना पडद्यांची टोके बोचू नयेत. प्रत्येक तारेवर प्रत्येक पडदा दाबून स्वर वाजवावा. एखाद्याच जागी तार खरखरत असेल किंवा दोन पडद्यांवर एकच स्वर येत असेल, तर तेथील पडदा उंचसखल असतो. (३) तारांची उंची : बाराव्या पडद्यावर ती बारीक तारेखाली सु. १.६ मिमी. व जाड तारेखाली सु. २ मिमी. असावी. (४) नट : तार दुसऱ्या व तिसऱ्या पडद्यांच्या मध्ये दाबली असता पहिल्या पडद्याला ती जेमतेम न टेकणारी असावी. वारंवार स्वर उतरण्याचा दोष खुंट्यांना दिला जातो, पण पुष्कळदा तार नटच्या खाचेत अडकत असते. (५) स्वरशुद्धी : बाराव्या पडद्यावर तारेला हलकेच स्पर्श करून निघणारा स्वर व तेथेच तार दाबून निघणारा स्वर एकच असावा. फरक असल्यास घोडीवरील तारेचा आधार पुढे-मागे करून तो दूर होतो. (६) विद्युत् भाग : व्हॉल्यूम व टोनच्या कळा फिरविताना कडकड आवाज येऊ नये.

यांपैकी तारांची उंची व स्वरशुद्धी जाणकार कारागीर थोड्या खर्चात साधून देतो. पिकअप, खुंट्या व कळा पुढे बदलता येतात. म्हणून उत्तम दांडी व सामान्य पिकअप असलेली गिटार ही उत्तम पिकअप व सदोष दांडी असलेल्या गिटारपेक्षा केव्हाही श्रेयस्कर होय. सुटे भाग हलणारी कंपघोडी स्वस्त वाद्यात स्वर टिकू देत नाही, म्हणून पहिल्या वाद्यासाठी स्थिर घोडी निवडावी.

ही दक्षता केवळ चोखंदळपणापोटी घ्यावयाची नसते. तारा उंच असलेल्या वाद्यावर नवशिक्याची बोटे दुखतात व दाबलेला स्वर चढा लागतो. दोष वाद्याचा असूनही तो आपल्या हाताचा वा कानाचा आहे, अशी त्याची समजूत होते आणि काही महिन्यांत वादन सुटते. शिक्षक वा अनुभवी वादक बरोबर नेऊन वाद्य तपासून घेतल्यास हे टळते.

विवर्धक : विद्युत् गिटारचा नाद विवर्धकासह पूर्ण होतो, म्हणून एकूण रकमेतील त्याचा वाटा आरंभीच बाजूला काढावा. सर्व रक्कम गिटारवर खर्च करून हलका विवर्धक घेण्यात अर्थ नसतो. घरगुती सरावासाठी १० ते २० वॉट शक्ती पुरेशी होते. कानाला लावावयाच्या ध्वनिग्राहकाची (हेडफोनची) सोय असल्यास दाट वस्तीत शेजाऱ्यांना उपद्रव होत नाही. गिटार, विवर्धक, केबल व पिशवी यांचा एकत्रित संच सोयीचा दिसला, तरी त्यातील प्रत्येक वस्तू स्वतंत्रपणे तपासावी.

जुने वाद्य व देखभाल : चांगल्या स्थितीतील वापरलेली गिटार त्याच रकमेत वरच्या प्रतीची मिळू शकते. तिच्या पडद्यांवर तारांनी पडलेल्या खोल खाचा, दांडी व धड यांच्या जोडाजवळील तडे आणि उलगडून पुन्हा लावलेले डाख हे विशेषेकरून पाहावेत. कोकणपट्टी व गोवा येथील पावसाळी हवेत लाकूड ओलावा शोषून दांडीचा बाक बदलतो व तारा लवकर गंजतात. वादनानंतर तारा कोरड्या कापडाने पुसणे, वाद्य भिंतीला टेकवून न ठेवता पिशवीत ठेवणे आणि ऋतू पालटल्यावर बाक पाहून ट्रस रॉड एका वेळी पाव वेढ्याहून अधिक न फिरविणे, एवढी काळजी घेतल्यास माफक किमतीची गिटारही दीर्घकाळ चांगली सेवा देते.