९२८ गुणांवरून थेट सातव्या श्रेणीत : शालेय प्रतवारीचे गणित काय सांगते?

नवी दिल्ली : शालेय शिक्षणाच्या राष्ट्रीय प्रतवारीत २०२०-२१ या वर्षासाठी महाराष्ट्राला १,००० पैकी ९२८ गुण मिळाले आणि राज्य दुसऱ्या स्तरावर राहिले. २०२१-२२ च्या अहवालात मात्र ते दहा श्रेणींपैकी सातव्या, म्हणजे ५८१ ते ६४० गुणांच्या ‘प्रचेष्टा-३’ या श्रेणीत आले. एका वर्षात शाळा एवढ्या ढासळल्या का? याचे उत्तर शोधण्याआधी मोजपट्टी तपासावी लागते.

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाचा कामगिरी प्रतवारी निर्देशांक, अर्थात पीजीआय, २०१७-१८ या वर्षापासून काढला जातो. तो एखाद्या शाळेला नव्हे, तर राज्ये व केंद्रशासित प्रदेशांच्या शालेय व्यवस्थेला गुण देतो. जिल्ह्यांसाठी स्वतंत्र निर्देशांक आहे.

मूळ रचनेत ७० निकष होते. त्यात प्रशासकीय प्रक्रियांना ३६० गुण होते, तर विद्यार्थी प्रत्यक्षात काय शिकले यासाठी केवळ १८०. ऑनलाइन हजेरी, निधीचे वेळेवर वितरण यांसारख्या बाबी सुधारल्या की राज्याची एकूण गुणसंख्या झपाट्याने वाढत असे.

२०२१-२२ पासून ही रचना बदलली. आता ७३ निकष सहा विभागांत विभागले आहेत : समता २६०, अध्ययन निष्पत्ती २४०, पायाभूत सुविधा १९०, प्रशासकीय प्रक्रिया १३०, शिक्षक शिक्षण व प्रशिक्षण १०० आणि शिक्षणाची उपलब्धता ८०. शिवाय अध्ययनाचे गुण नोव्हेंबर २०२१ मधील राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणावरून ठरले. कोरोनाकाळात शाळा दीर्घकाळ बंद राहिल्यानंतर तिसरी, पाचवी, आठवी आणि दहावीच्या विद्यार्थ्यांची ही चाचणी झाली होती.

परिणामी त्या वर्षी वरच्या पाचही श्रेणी रिकाम्या राहिल्या. पंजाब आणि चंडीगड ‘प्रचेष्टा-२’मध्ये, तर महाराष्ट्रासह दिल्ली, केरळ, गुजरात, तमिळनाडू आणि पुद्दुचेरी ‘प्रचेष्टा-३’मध्ये होते. त्यामुळे ९२८ या जुन्या गुणांची नव्या गुणांशी थेट तुलना करणे योग्य ठरत नाही. मोजपट्टीच बदलल्याने हा फरक केवळ घसरणीचा पुरावा मानता येत नाही; तसेच आधीचे ९२८ गुण हे उत्तम अध्ययनाचे प्रमाणपत्रही नव्हते.

या पद्धतीच्या मर्यादाही ध्यानात घ्याव्या लागतात. सुविधा, पटसंख्या आणि शिक्षकांविषयीची बरीचशी माहिती शाळा स्वतःच ‘यू-डायस प्लस’ प्रणालीवर भरतात. नोंद चुकली तर गुणही चुकतात. अध्ययनाचे सर्वेक्षण निवडक शाळांमध्ये आणि काही वर्षांच्या अंतराने होते.

म्हणूनच पालकांनी आणि लोकप्रतिनिधींनी एकूण श्रेणीपेक्षा विभागनिहाय गुण पाहणे अधिक उपयुक्त ठरते. इमारत, वीज आणि स्वच्छतागृह यांचे गुण चांगले, पण अध्ययनाचे कमी असतील, तर जाब कशाचा विचारायचा हे तेथेच स्पष्ट होते.