खेप एक, नोंदी हजार

सुरतेच्या महिधरपुऱ्यातल्या हिरेबाजारात सौदे आटोपले की हिऱ्यांच्या पुड्या मौल्यवान माल पोचवणाऱ्या आंगडिया पेढीकडे जातात. अनेक व्यापाऱ्यांचा माल एकाच खेपेत मुंबईला पोचतो. प्रत्येक पुडीमागे वेगळा माणूस धाडला तर लहान व्यापाऱ्याचा नफा भाड्यातच संपेल. गर्दीने तुंबलेल्या ब्लॉकचेनवर, म्हणजे नोंदींच्या सामायिक साखळीवर, खेपेचे हेच काम ‘रोलअप’ नावाची यंत्रणा करते. फरक एवढाच, की आंगडिया पेढीच्या शब्दावर चालतो, तर रोलअपला पुरावा द्यावा लागतो.

हिरे उद्योगाला ब्लॉकचेन परकी नाही. डी बीअर्सने 2018 मध्ये हिऱ्यांचा माग ठेवणारा ‘ट्रेसर’ हा मंच उभारायला घेतला, तेव्हा पहिल्या चाचणीतल्या कंपन्यांत सुरतेत कारखाना असलेली व्हीनस ज्वेलही होती. पण सुरतेत पैलू पडणाऱ्या बारीक हिऱ्यांची संख्या पाहिली, तर एकेका खड्याची नोंद सार्वजनिक साखळीवर सुटी करणे कुणालाच परवडणार नाही.

याचे कारण इथेरियम या सार्वजनिक ब्लॉकचेनच्या रचनेत आहे. तिथे साधारण दर 12 सेकंदांनी एक ब्लॉक तयार होतो आणि सेकंदाला थोडेच व्यवहार मार्गी लागतात. जागा मोजकी आणि मागणारे फार, त्यामुळे जो जास्त शुल्क देईल तो पुढे सरकतो. मे 2022 च्या पहिल्या दिवशी युगा लॅब्ज या कंपनीच्या ‘अदरसाइड’ या आभासी जमिनीच्या विक्रीला झुंबड उडाली. शुल्क भडकले, अनेकांचे व्यवहार फसले, आणि फसलेल्या व्यवहारांचे शुल्कही साखळीने कापून घेतले. गर्दीचा फटका सगळ्यांत आधी बसतो तो थोडे पैसे पाठवणाऱ्याला, कारण शुल्क रकमेवर ठरत नाही, व्यापलेल्या जागेवर ठरते.

रोलअप हे ओझे वाटून देते. त्यातला ‘सीक्वेन्सर’ नावाचा घटक शेकडो व्यवहार गोळा करतो, त्यांचा क्रम लावतो आणि ते मुख्य साखळीबाहेर पार पाडतो. मग सगळ्यांची माहिती आटोपशीर करून एकाच गठ्ठ्यात इथेरियमवर मांडतो. इथेरियमवर साध्या हस्तांतरणाला शंभराहून थोडे अधिक बाइट लागतात. तेच काम रोलअपमध्ये सुमारे 12 बाइटांत बसू शकते, असा हिशेब इथेरियमचे सहसंस्थापक व्हिटॅलिक बुटेरिन यांनी 2021 मध्ये मांडला होता. इथेरियमच्या 13 मार्च 2024 च्या सुधारणेनंतर अशा गठ्ठ्यांसाठी ‘ब्लॉब’ ही वेगळी, स्वस्त जागा मिळाली. एक ब्लॉब 128 किलोबाइटचा असतो आणि सुमारे 18 दिवस जपला जातो. तेवढ्या मुदतीत ज्याला तपासायचे त्याने माहिती उतरवून घ्यावी, अशी योजना आहे.

गठ्ठे बांधणे बँकांनाही नवे नाही. एनईएफटीचे व्यवहार दर अर्ध्या तासाच्या बॅचने मिटतात. 16 डिसेंबर 2019 पासून ही सेवा चोवीस तास चालते आणि दिवसाला 48 बॅच होतात. पण तिथे हमी द्यायला रिझर्व्ह बँक उभी असते. सार्वजनिक साखळीवर तसा कुणी धनी नाही, म्हणून गठ्ठ्याचा खरेपणा सिद्ध करण्याच्या दोन रीती पडल्या. आर्बिट्रम आणि ऑप्टिमिझम या रोलअपच्या रीतीत गठ्ठा खरा धरून चालतात आणि हरकतीसाठी साधारण सात दिवस ठेवतात. त्यामुळे मुख्य साखळीवर पैसे परत नेणाऱ्याला थांबावे लागते. दुसऱ्या रीतीत गठ्ठ्यासोबतच गणिती पुरावा जोडलेला असतो. तो पटला तरच गठ्ठा मान्य होतो.

या क्षेत्रातले एक मोठे नाव भारतात घडले. जयंती कानाणी, संदीप नैलवाल आणि अनुराग अर्जुन यांनी 2017 मध्ये ‘मॅटिक’ सुरू केले. 2021 मध्ये त्याचे नाव ‘पॉलिगॉन’ झाले. त्यांची मूळ साखळी काटेकोर अर्थाने रोलअप नव्हे. तिचे स्वतःचे पडताळणीदार आहेत आणि ते ठरावीक अंतराने अनेक ब्लॉकांचा एकच गोषवारा इथेरियमवर टाकतात. व्यवहार स्वस्त होतात ते यामुळेच. 2022 मध्ये गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली भागातली 65 हजार जात प्रमाणपत्रे याच साखळीच्या आधारे पडताळता येतील, असा प्रकल्प हाती घेतला गेला.

एवढ्या नोंदींचा एकच गोषवारा केला, तर त्यातून आपले एक प्रमाणपत्र खरे कसे ठरवायचे? यावर संगणकशास्त्रज्ञ राल्फ मर्कल यांनी 1979 मध्ये सुचवलेले ‘मर्कल झाड’ कामी येते. प्रत्येक नोंदीचा 32 बाइटांचा ठसा काढायचा, दोन-दोन ठसे जोडून त्यांचा नवा ठसा काढायचा आणि असे करत शेंड्याला एकच ठसा उरवायचा. 65,536 नोंदींच्या झाडात आपली नोंद सिद्ध करायला फक्त 16 ठसे पुरतात, म्हणजे जेमतेम अर्धा किलोबाइट. बाकीच्यांची कागदपत्रे उघडावी लागत नाहीत आणि कुणाच्या शब्दावर विसंबावेही लागत नाही. मूळ नोंदीतले एक अक्षर बदलले तरी शेंड्याचा ठसा जुळत नाही.

मला या यंत्रणेचे मोल इथे वाटते. वेग काय, नुसते गठ्ठे बांधूनही मिळतो. गठ्ठ्यात शिरल्यावरही प्रत्येकाची नोंद त्याच्या हाती राहणे, ही खरी कमाई. या यंत्रणेत उणिवाही आहेत. बऱ्याच रोलअपचा सीक्वेन्सर आजही एकाच कंपनीच्या ताब्यात आहे. तो बंद पडला की कामकाज अडते, आणि त्याने ठरवले तर एखाद्याचा व्यवहार मागे ठेवता येतो. म्हणून चांगल्या रोलअपमध्ये व्यवहार थेट इथेरियमवर दाखल करण्याची वाट मोकळी ठेवलेली असते.

उद्या सुरतेच्या व्यापाऱ्याने किंवा गडचिरोलीच्या कचेरीने अशी सेवा घेताना तीन गोष्टी विचाराव्यात: गठ्ठा कोण बांधतो, त्यातली माहिती कुठे उघडी असते, आणि बांधणाऱ्याने अडवले तर आपले पैसे आपण स्वतः बाहेर काढू शकतो का. तिन्हींची उत्तरे स्पष्ट मिळेपर्यंत स्वस्त शुल्काला भुलू नये.