इंग्रजीच्या मास्तरांचा दरारा

शाळेंतील सर्व शिक्षकांना पगार एकाच मापानें मिळतो; तरी इंग्रजीच्या शिक्षकाचें आसन दोन बोटें उंच असतें, हें आपण विद्यार्थिदशेंत पाहिलेंच असेल. चित्रकलेचे मास्तर रजेवर गेले तर मुलांना आनंद होतो. इंग्रजीचे गेले तर पालकांना चिंता पडते. हा मान आला कोठून, व त्याच्या पोटीं कोणती भीति दडलेली असते, हें आज सांगावयाचें आहे. मी मॅट्रिक झालेला आणि पालघर-बोईसर भागांतील प्राथमिक शाळांतून नोकरी केलेला. तेव्हां हें बोलणें दुरून पाहणाऱ्याचें नव्हे.

मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें, आणि १८५९ सालीं पहिली मॅट्रिकची परीक्षा झाली. उत्तीर्ण झालेल्या २१ जणांत रानडे व भांडारकर होते. पुढें कित्येक दशकें हायस्कुलांत बहुतेक विषय इंग्रजींतूनच शिकवीत. अर्थात् कारकुनी, वकिली, डॉक्टरी या सर्वांच्या दाराची किल्ली इंग्रजीच्या मास्तरांच्या खिशांत! द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांची भाषांतरपाठमाला घरोघर गेली ती याच गरजेपोटीं. सारा भर भाषांतरावर व व्याकरणावर. बोलण्याला जागा थोडी. मास्तरांचें काम म्हणजे चुका पकडणें, असा समज रुजला तो रुजलाच.

मग २००० सालीं महाराष्ट्रांत पहिलीपासून इंग्रजी आली, आणि आम्ही प्राथमिक शाळेंतले गुरुजी एका रात्रींत इंग्रजीचे मास्तर झालों. आमचें स्वतःचें सारें शिक्षण मराठींतून. जुन्या मास्तरांजवळ निदान भाषा होती. आम्हांला वारशानें मिळाला तो नुसता दरारा. दोघे शिक्षक भेटले कीं पाऊसपाणी, बदल्या, वेतनश्रेणी सगळें निघे, पण मराठींत. प्रशिक्षणवर्गांत पहिलें बाक नेहमीं रिकामें. चुका पकडणें हाच ज्याचा व्यवसाय, त्याला चुकतांना कोणी पाहूं नये!

मुलांना ही भीति नव्हती. पाड्यांवर वारली, किनाऱ्यावर मांगेली, बोईसरच्या कारखान्यांभोंवतीं हिंदी व भोजपुरी. तारापूरचें अणुवीज केंद्र १९६९ सालीं सुरू झालें, मग औद्योगिक वसाहत वाढली, आणि नाना प्रांतांचीं माणसें तेथें आलीं. पुष्कळ मुलांना मराठीच मुळीं शाळेंत भेटते. एका भाषेंतून दुसरींत चुकत-माकत जाणें हा त्यांचा रोजचा व्यवहार.

तारापूरकडील एका शाळेंत चौथीच्या वर्गांत मीं फळ्यावर एक शब्द लिहिला व वाचला, "इस्लंड." मागच्या ओळींतला मुलगा म्हणाला, "गुरुजी, आयलंड." त्याचे वडील कारखान्यांत कामाला होते. मीं त्याला उभें केलें आणि "तूं मला शिकवतोस काय?" असें दरडावलें. सायंकाळीं कोश पाहिला. मुलाचें खरें होतें. दुसऱ्या दिवशीं तें वर्गांत सांगण्याचें धैर्य मला झालें नाहीं. त्या वर्षीं त्या मुलानें इंग्रजीच्या तासाला पुन्हा तोंड उघडलें नाहीं. गणिताच्या तासाला मात्र तो बडबड करी, म्हणून तें मला अधिकच लागलें.

पुढें बदली झाली, तेव्हां नव्या शाळेंत मीं टेबलावर इंग्रजी-मराठी कोश ठेवला. त्यांत उच्चार देवनागरींत दिलेले होते. अडलें कीं मुलांसमोरच पान उलटावयाचें. एक सहकारी म्हणाले, "मुलांपुढें कोश उघडलात तर मान काय राहील?" प्रश्न खोटा नव्हता, पहिले दोन दिवस मुलें हसलीं. मग शब्द कोणी शोधावा यावरून त्यांचींच भांडणें लागलीं. स्टेशनवरच्या पाट्या, औषधांच्या बाटल्या, खताच्या पोत्यांवरचीं अक्षरें, जें सांपडेल तें उतरवून आणूं लागलीं. एके दिवशीं बुधवारचें इंग्रजी नांव मीं "वेडनसडे" असें वाचलें. एक मुलगी न विचारतां उठली, कोश उघडून तिनें बोट ठेवलें व मोठ्यानें वाचलें, "वेन्झडे." मीं खडू तिच्या हातीं दिला, आणि तो उच्चार तिनेंच फळ्यावर लिहिला.